सकाळचं पहिलं पत्र

लिही.

"आजही पहिलं कोरं आलंय, ताई," पाकिटवाले काका म्हणाले आणि कागद तिच्या टेबलावर ठेवला.

तपासणी केंद्रातून रोज दोनेकशे पत्रं जात. ती छापायची, घडी घालायची, पाकिटात भरायची, हे काकांचं काम. पत्र तयार करणारा प्रोग्रॅम तिचा. कागदावर नाव होतं, पत्ता होता. ‘निष्कर्ष’ या शब्दाखाली काहीच नव्हतं.

"मग तुम्ही काय करता?"

"परत छापतो. दुसऱ्यांदा बरोबर येतं. मशीनलाही सकाळी जाग यायला वेळ लागतो, माझ्यासारखा."

"किती दिवस चाललंय हे?"

"तीन आठवडे. तुमच्या डोक्याला आधीच काय कमी ताप आहे, म्हणून बोललो नाही."

नऊ दिवसांपूर्वी काकांनीच तिच्या हातात घरची दोन पाकिटं दिली होती. केंद्रात काम करणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी फुकट असायची, म्हणून ती आणि नवरा एकाच सकाळी, एकापाठोपाठ, रक्त देऊन आले होते. स्वतःचं पत्र तिनं उभ्याउभ्या वाचून खणात टाकलं. नवऱ्याचं तीनदा वाचलं.

तेव्हापासून जेवणाला चव नव्हती. रडूही येत नव्हतं. नवऱ्यानं विम्याचे कागद एका पिशवीत भरून ठेवले होते, आणि गिझर बिघडला तर काय करायचं ते तिला दोनदा समजावून सांगितलं होतं. ती दोन्ही वेळा "बरं" म्हणाली होती. उद्या दहा वाजता त्याला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं.

घे.

पत्राचा मजकूर जुळवणारा भाग तिनं तीन आठवड्यांपूर्वी नव्यानं लिहिला होता. आधीचा वाक्याला वाक्य जोडत रेंगाळत बसायचा. आता अक्षरं एकामागोमाग एक प्रवाहात सोडली जात. प्रवाह ती छोट्याशा बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवी. तिथून अक्षरं मेमरीतल्या एका कच्च्या कागदावर ओतायची, त्यावर जे असेल ते पत्रात घ्यायचं आणि कागद पुढच्यासाठी पुसायचा. पत्रं पाचपट वेगानं निघायला लागली. साहेबांनी भर बैठकीत कौतुक केलं होतं.

चारच ओळी होत्या.

लिही. घे. पूस. ओत.

तिनं त्या पुन्हा वाचल्या. ओतायच्या आधीच घेतलं जात होतं. म्हणजे सकाळी प्रोग्रॅम नव्यानं सुरू झाला की पहिल्या पत्राच्या वाट्याला कोरा कागद. पहिल्या माणसाचा निष्कर्ष त्यानंतर ओतला जातो, कच्च्या कागदावर पडून राहतो, आणि

तिनं पाण्याची बाटली उघडली. परत बंद केली.

आणि पुढच्या पत्रात जातो. काका पहिलंच पत्र लगेच परत छापत, म्हणून त्या माणसाला त्याचाच निष्कर्ष मिळे. पुढे प्रत्येकाला आधीच्या माणसाचा. बहुतेकांच्या पत्रात एकच वाक्य असायचं: सर्व काही ठीक. एकाचं ‘ठीक’ दुसऱ्याला गेलं तर कुणाच्या लक्षात येणार?

पूस.

"साहेब, तीन आठवड्यांची पत्रं चुकलीत."

"कुठली?"

"रोजचं पहिलं सोडून सगळी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणामुळे?"

"माझ्यामुळे."

"खरे निष्कर्ष तरी जागेवर आहेत ना?"

"आहेत. यादीत बरोबर आहेत. पत्रात जाताना एक घर खाली सरकले."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "छपाई थांबवा. आधी ज्यांना चुकून वाईट कळवलंय त्यांना फोन करा. मग ज्यांना कळवायला हवं होतं त्यांना. बाकीचं नंतर बघू. तुमचंही नंतर बघू."

ती जागेवर आली. ओळींचा क्रम बदलला. लिही, ओत, घे, पूस. एका मिनिटाचंही काम नव्हतं.

मग नऊ दिवसांपूर्वीची यादी उघडली. एकशे चौदावी ओळ नवऱ्याची. समोर लिहिलं होतं: सर्व काही ठीक. तिनं ते तीनदा वाचलं. मग एकशे तेरावी ओळ वाचली. तीही तीनदा.

फोन हातात घेतला.

ओत.

"जेवलास?" तिनं विचारलं.

"खिचडी बिघडवली. खातोय तीच. का गं?"

"तुझं पत्र चुकलं होतं. तुला काही झालेलं नाहीये."

पलीकडे चमचा ताटात पडला.

"परत सांग."

"तुला काही झालेलं नाहीये. यादीत बघितलं मी. उद्या कुठे जायचं नाही."

नाक ओढल्याचा आवाज आला, मग हसण्याचा. "कुठल्या गाढवाची चूक ही?"

"माझी."

"घरातच निघालं म्हणजे." तो हसत राहिला, आणि मध्येच त्याचा आवाज फाटला. "नऊ दिवस. रोज वाटायचं, हिला एकटीला कसं जमणार सगळं. तुला साधा गिझर कळत नाही."

"नाही कळत."

"तू हसत का नाहीयेस?"

"ऑफिसात आहे."

"बरं. मी येतो न्यायला." मग त्यानं विचारलं, "पण मग ते पत्र होतं कुणाचं?"

"तुझ्या आधीच्या नंबरचं."

"अरेरे. बिचारा नऊ दिवस मजेत हिंडत असेल."

"मजेत नव्हती. बाई आहे."

"ओळखीची?"

"तशी."

"कळवलं तिला?"

"कळलंय."

"काय म्हणाली?"

"काही नाही."

"एकटी आहे का गं? कुणीतरी हवं अशा वेळी जवळ."

"एकटी नाही," ती म्हणाली. "नवऱ्याशी फोनवर बोलतेय."