पहिली भाकरी

भाकरी केंद्रात मथुराक्का थापायची, शेवंता भाजायची. परवा लग्नाच्या ऑर्डरीतल्या भाकऱ्या कच्च्या राहिल्या. "तुझ्या भाकऱ्या जाड!" "तुझी आच कमी!" असं होऊन दोघींनी अबोला धरला. रोजची पहिली भाकरी त्या अर्धी-अर्धी खायच्या, तेही थांबलं.

आज पिठाच्या डब्याला टेकून शेवंताची सून परीक्षेचे इंग्रजी शब्द पाठ करत होती. "कंपॅनियन म्हणजे सोबती. लॅटिनमधला मूळ अर्थ, जिच्याबरोबर पाव मोडून खाल्ला ती."

"त्यांच्यातही आहे म्हणायची ही रीत," अक्का भिंतीकडे बघत म्हणाली.

शेवंतानं तव्यावरची टम्म फुगलेली भाकरी काढली, मोडली आणि अर्धी अक्काच्या पिठाळ हातावर ठेवली.

"खा. इंग्रजीत आपलं मिटलं. मराठीत मात्र भाकरी जाडच होती."