घोडीसाठी एक घागर

"उद्यापून दोन घागरी आण," आण्णासाहेब पाटील म्हणाले, आणि हरणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

डोक्यावरची एक घागर अजून डोक्यावरच होती. महारवाड्यातल्या आडाचा तळ खरवडून ती भरलेली. भरताना शेजारणींनी तिला शिव्या घातल्या होत्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं? वस्तीतल्या पोरांचे ओठ ओल्या फडक्यानं पुसायची वेळ आली होती आणि ही बाई पाणी घेऊन निघाली होती घोडीला पाजायला. तेही पाटलाच्या.

पाटलाची कसली? घोडी तिचीच होती. हरणाबाईचा नवरा गोरोबा निजामाच्या रिसाल्यात घोड्यांच्या चाकरीला होता. तिथं मरायला टाकलेलं एक शिंगरू त्यानं घरी आणलं, आणि हरणाबाईनं कण्या भरवून, पाठीवर गोणपाट घालून ते जगवलं. पाखरी नाव ठेवलं. चैत्री पुनवेला गोरोबा पाखरीवर बसून येरमाळ्याच्या जत्रेला निघाला. वाटेत चावडी लागली आणि तो खाली उतरला नाही. एवढाच त्याचा गुन्हा. पाटलाच्या माणसांनी त्याला वेशीपाशी गाठून पाठ सोलून काढली. "तुमच्या दारात घोडी शोभत न्हाय," असं सांगून आण्णासाहेबांनी पाखरी आपल्या पागेत बांधली. दाद मागायची तर तहसीलदाराकडं, आणि तहसीलदार गावात आला की उतरायचा पाटलांच्याच वाड्यात.

पण घोडीला कोण हुकूम सोडणार? नव्या पागेत तिनं ना हरभऱ्याला तोंड लावलं, ना पाण्याला. पाटलांच्या आडाचं पाणी गोड. उन्हाळ्यात सारा गाव त्याच्यावर जगायचा. महारवाड्यातल्या बायांनी मात्र लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर तो वरून ओतेल तेवढं घ्यायचं. पाखरी वाढली ती वस्तीतल्या मचूळ पाण्यावर. हे गोड पाणी ती नुसतं हुंगायची, फुरफुरायची आणि मान फिरवायची. तिचं पोट खपाटीला गेलं तेव्हा पाटलांनी हरणाबाईला बोलावणं धाडलं.

मरू द्यायची होती पाटलाच्या दावणीला, असं तिला मागाहून कितीदा वाटलं. पण तिला बघून पाखरी खिंकाळली आणि हिचं काळीज पाघळलं. रिसाल्यातली घोडी दुसरीकडं हलवली की काय करतात ते गोरोबानं तिला सांगितलं होतं, ते तिनं पाटलांना सांगून टाकलं. जुन्या जागेचं पाणी नव्यात मिसळायचं आणि रोज थोडं कमी करत जायचं. हळूहळू घोडी नवं पाणी मानते.

झालं. त्या दिवसापासून रोजची घागर तिच्याच डोक्यावर आली. लांबूनच दगडी डोणीत ओतायची, आडाच्या ओट्याला पाय लावायचा नाही. हरणाबाईचं पाणी प्यालेल्या घोडीवर पाटील खुशाल मांड ठोकायचे. हरणाबाईची सावली ओट्यावर पडलेली मात्र त्यांना खपत नव्हती. संतापानं तिला रात्र रात्र झोप यायची नाही.

"पाटील, आता कमी करायचं असतंय," ती म्हणाली. "घोडी हितलं पाणी पियाया लागलीया. आन् आमच्या आडात गाळ बी ऱ्हायला न्हाय. पोरं तडफडत्यात."

"तुझ्या पोरांचं मला काय सांगतीस? परवा तहसीलदार यायचाय. घोडी तकतकीत दिसली पायजे. दोन म्हणलं की दोन."

भर दुपार होती. गडी जेवायला बसलेले. आडापाशी हे दोघंच.

हरणाबाई सरळ ओट्यावर चढली. पाटलांना काय होतंय ते कळायच्या आत तिनं अख्खी घागर आडात पालथी केली. पाणी पाण्यावर आदळल्याचा आवाज वरपर्यंत घुमला. मग ती खाली उतरली.

"घ्या. मिसळलं," ती म्हणाली. "आता रोज आणायची गरज न्हाय."

पाटलांनी चाबूक उगारला. तेवढ्यात आवाज ऐकून त्यांचा घरगडी उत्तरेश्वर हात पुसत पळत आला. "काय झालं मालक? आडात काय पडलं?"

उगारलेला हात तसाच राहिला. खरं सांगावं तर साऱ्या गावाचा आड बाटला. मग गावानं प्यायचं काय, आणि वाड्यातल्या बायामाणसांनी तरी काय? हरणाबाईला झोडपून मारली असती, तरी पाण्यातून पाणी काही वेगळं निघणार नव्हतं. हे सगळं पाटलांच्या तोंडावर एकामागून एक उमटताना तिनं पाहिलं. तिचा राग तसूभरही उतरला नाही.

"काय न्हाय," पाटील म्हणाले. "पोहरा आदळला."

"मालक, आमच्या समद्या वस्तीच्या घागरी हितनं रोज भरून द्यायच्यात," हरणाबाई म्हणाली. "उत्तरेश्वराला तुमी सांगताय, का म्याच सांगू समदं?"

पाटलांचा चाबूक हळूहळू खाली आला.

"भरून देत जा," ते म्हणाले. "रोज."

उत्तरेश्वर दोघांकडं बघतच राहिला. मग त्यानं पोहरा सोडला, वर ओढला, आणि 'पहिलं पाणी मालकाचं' या वाड्याच्या रिवाजाप्रमाणं तांब्या भरून आण्णासाहेबांपुढं धरला.

आण्णासाहेबांनी तांब्याकडं पाहिलं, मग हरणाबाईकडं. गड्यादेखत नको म्हणायला त्यांना कारण सापडेना. त्यांनी तांब्या तोंडाला लावला, आणि तो रिकामा होईपर्यंत हरणाबाई जागची हलली नाही.