सदतीस जनुकांचं नातं

रुग्णालयातून फोन आला तेव्हा अन्विता आईला जेवायला वाढत होती.

"तुमच्या जन्मासाठी बीजांड देणाऱ्या हलीमा शिकलगार इथे दाखल आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्या हृदयातल्या तंतुकणिका निकामी झाल्यात. नव्या घालायच्या तर त्यांच्याच वंशातल्या हव्यात, आणि त्या वंशात आता फक्त तुम्ही आहात."

चाकाच्या खुर्चीतून तिची आई मृदुला स्पीकरवरचं बोलणं ऐकत होती. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मुलांना फक्त आईकडून मिळतात. मृदुलाच्या सदोष होत्या, त्यांनीच तिचे पाय नेले होते. म्हणून लेकीसाठी तिने हलीमाच्या घेतल्या: हलीमाच्या बीजांडातलं केंद्रक काढून तिथे मृदुलाचं बसवलं होतं. अन्विताचं नाक, डोळे, हट्ट सगळं आईबाबांचं होतं, हलीमाची होती फक्त सदतीस जनुकं. तरीही ती बाई कधीतरी लेकीवर हक्क सांगेल, अशी धास्ती मृदुलाला एकोणीस वर्षं होती.

"आई, मी जाऊ?"

"एकटी नको. मीही येते."

हलीमा फार थकलेली होती. "बाळा, माझ्यापायी तुला त्रास नको," ती पुटपुटली.

"मावशी, मागच्या महिन्यात मी अख्खी खाडी पोहून पार केली, ती तुमच्याच जोरावर. आता थोडा जोर परत घ्या."

परिचारिकेने संमतीपत्र पुढे केलं. 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी अन्विताचा हात थांबला आणि तिने आईकडे पाहिलं.

मृदुलाने तिच्या हातून पेन घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'मुलगी'.