चाकोरीतली वायर

तुर्भ्याच्या डोंगरातल्या खाणीत मुकादम हात आडवा करून डंपर अडवत होता आणि फौजेतून परतलेला मानसिंग चाकोरीत चर खणत होता. सुरुंग उडवण्याआधी खालच्या नाक्यावर इशारा देणाऱ्या फोनची वायर त्याने चरात पुरली, रस्त्याच्या दोन्ही कडांच्या खुंट्यांना बांधली, थोडी ढील सोडली. फौजेत असंच शिकवलं होतं. मागच्या महिन्यातही त्याने हेच सुचवलं, तेव्हा हाच मुकादम म्हणाला, “डंपर थांबवायला टाइम नाय.” मग चाकाखाली वायर तुटली, इशारा पोचलाच नाही आणि नाक्यावर लाल झेंडा धरणारा मानसिंगचा थोरला भाऊ उडालेल्या दगडाने गेला. आता तो झेंडा वहिनीच्या हातात होता. मानसिंगने पायाने माती दाबली, फोनचं हँडल फिरवलं. “वहिनी, आवाज येतोय?” “येतोय, भावजी. झाली पुरून?” “झाली.” “किती वेळ लागला?” “अर्धा तास.” “एवढाच?”