एकशे चारमधल्या साहेबासाठी

हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बायकांना मॅनेजर फळ्यावर इंग्रजी शिकवत होता. ‘मे आय क्लीन द रूम, सर? कुड आय कम लेटर, सर?’ सुगंधा दातओठ खात लिहून घेत होती. सगळी वाक्यं परवानगी मागणारीच.

तिने वही मिटली. “एकशे चारमधल्या साहेबाने काल माझा हात धरला. त्याला काय म्हणायचं?”

मॅनेजर चाचरला. “सॉरी सर, मे आय गो?”

“सॉरी मी म्हणू?” तिचं डोकं सणकलं. खडू हिसकावून तिने सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यू मस्ट नॉट टच मी.’

“अर्थ सांगू का गं?” तिने मागे वळून विचारलं.

कोणी मान वर केली नाही. बाकीच्या आठही जणी ते वाक्य वहीत उतरवून घेत होत्या.