पंख्यासमोरची खुर्ची

हुपरीतल्या पैंजणांच्या कारखान्यात आठवडाभर चांदी वजनाला कमी भरत होती, आणि दानेश्वरी आठवडाभर डोक्यावरचा पदर काढत नव्हती. मालकीण शांतव्वाला एवढं पुरे झालं. संध्याकाळी बायका टबात हात धुऊन, नंतर गाळून घ्यायची चांदीची पूड पाण्यात सोडून निघू लागल्या, तसा तिनं दानेश्वरीचा पदर ओढला. केसांत चांदी चमकली. “डोस्क्यातनं चांदी न्हेतीस व्हय? उद्यापासनं येऊ नगंस.” घरची एकटी कमावती दानेश्वरी दारातून हलली नाही. “आक्का, तुमच्या नव्या पंख्यानं पूड उडतीया, म्हणून डोकं झाकलंय, तरी केसांत शिरतीया. वाऱ्याच्या तोंडाला तुमचीच खुर्ची हाय.” शांतव्वानं भिंतीवरच्या आरशात बघितलं; तिच्या केसांतही तीच चांदी चमकत होती. रंगवलेल्या केसांत पांढरं दिसलं म्हणून सकाळीच तिनं केस रंगवून देणाऱ्या सुनेला झापलं होतं. पंखा बंद करून, अंबाडा सोडून ती सगळ्यांदेखत टबावर वाकली. “बघतीस काय? तांब्या घे, पाणी वत. उद्या येळंवर ये.”