पहिला हिवाळा

रविवारी सकाळी जय शाळेचा प्रोजेक्ट घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला होता. इंग्लंडहून बोटीने अमेरिकेत आलेल्या लोकांनी प्लिमथला वस्ती केली, तिथल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल लिहायचं होतं.

"मॉम, त्यांच्यातले हाफ लोक मेले. मग बाकीच्यांनी म्हणे ग्रेव्ह्ज फ्लॅट केल्या आणि वर कॉर्न पेरला. पण व्हाय?"

"आपण किती थोडे उरलोय, ते बाहेर कुणाला कळू नये म्हणून," देवयानी म्हणाली.

तेवढ्यात सांगलीहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. तिने सवयीने लॅपटॉप भिंतीकडे फिरवला, म्हणजे मागचं अर्धं रिकामं कपाट त्यांना दिसणार नव्हतं. तिचा नवरा विक्रम घर सोडून गेल्याला चार महिने होत आले होते.

"विक्रमराव दिसत नाहीत?"

"ग्रोसरी आणायला गेलाय, बाबा. आई कुठंय?"

"देवळात गेलीय."

"बरं."

मग दोघं इकडच्या, शॉमबर्गच्या बर्फाबद्दल आणि सांगलीच्या थंडीबद्दल बराच वेळ बोलले.

कॉल संपल्यावर जयने वहीतून मान वर केली. "आजीचं नी-पेन बरं झालं? समरमध्ये तर तिला त्या टेंपलच्या दोन स्टेप्स पण चढता येत नव्हत्या."

आई गेले पाच रविवार देवळातच होती. आणि पाचही रविवार देवयानीने फक्त "बरं" म्हटलं होतं, कारण तिने पुढे काही विचारलं असतं, तर बाबांनीही विचारलं असतं.